घंटा वाजली, कोण जाणार? व्हिक्टोरियन काळातली धर्मगुरूंची घरं आणि तिथली नोकरमाणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडातल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराबाहेर, भिंतीवर उंच, एका ओळीत टांगलेल्या घंटा पुष्कळांनी पाहिल्या असतील, निदान मालिकांमध्ये तरी. मालिकांमध्ये त्या सरदारांच्या मोठमोठ्या हवेल्यांत असतात. मला कुतूहल आहे ते खेड्यातल्या धर्मगुरूच्या घरातल्या घंटांचं. तिथं भिंतीवर घंटा आठ-दहा असत आणि त्या सगळ्यांना ओ देणारी पोरगी पुष्कळदा एकच असे. या विषयावर मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. काळ मुख्यतः राणी व्हिक्टोरियाचा, म्हणजे १८३७ ते १९०१.

रेक्टरी, व्हिकारेज, पार्सनेज यांत फरक काय?

तिन्ही घरं चर्च ऑफ इंग्लंडच्या गावच्या धर्मगुरूचीच. फरक उत्पन्नाचा आहे. गावच्या पिकाचा दहावा हिस्सा चर्चला जाई, त्याला दशांश म्हणत. आपल्याकडे खळ्यावर बलुतं मोजून दिलं जाई, तसाच हाही मुळात राशीतूनच निघणारा वाटा. सगळा दशांश ज्याला मिळे तो रेक्टर आणि त्याचं घर रेक्टरी. धान्याचा मोठा वाटा एखाद्या जमीनदाराकडे किंवा कॉलेजकडे जात असेल आणि धर्मगुरूच्या वाट्याला किरकोळ दशांश येत असेल, तर तो व्हिकर आणि घर व्हिकारेज. पार्सनेज हा सगळ्यांना चालणारा शब्द.

१८३६ च्या कायद्यानं धान्याऐवजी रोख रक्कम आली. ती गहू, बार्ली आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधलेली होती. हे लक्षात असू द्या, नोकरांच्या संख्येशी त्याचा थेट संबंध पुढं येणार आहे.

घर धर्मगुरूच्या मालकीचं नसे. ते पदाबरोबर येई आणि पदाबरोबर जाई. धर्मगुरूनं आपल्या गावातच राहावं असा दंडक १८३८ च्या कायद्यानं कडक केला आणि गावोगावी नवी घरं उठू लागली. विल्यम बटरफील्ड, जॉर्ज एडमंड स्ट्रीट असे नामवंत वास्तुविशारद ती बांधत. नोकरांचा वेगळा जिना आणि स्वयंपाकघराचं वेगळं पाखं या घरांच्या नकाशातच असे.

घर काही राजवाडा नव्हे. मग घंटा कशाला? हाक का मारत नसत?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्या माणसालाच सुचतो. आपल्याकडे माजघरातून दिलेली हाक चौक ओलांडून परसापर्यंत पोचते. इंग्लंडात थंडीमुळे प्रत्येक खोलीचं दार लावलेलं, भिंती जाड आणि स्वयंपाकघर लांब, कारण कांदा-कोबीचा वास बैठकीपर्यंत येता कामा नये. त्यात घरात मोठ्यानं ओरडणं हे असभ्यपणाचं लक्षण मानलं जाई.

पण मुख्य कारण दुसरंच होतं. पूर्वी नोकर दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर बसलेला असे, म्हणजे आतलं बोलणं त्याच्या कानावर पडे. अठराव्या शतकात तारेच्या घंटा आल्या आणि नोकराला नजरेआड, कानाआड ठेवूनही हवा तेव्हा बोलावता येऊ लागलं. धर्मगुरूच्या अभ्यासिकेत तर गावातली माणसं आपली दुःखं, भांडणं, चुका सांगायला येत. तिथं दाराशी कुणी नसणं गरजेचंच होतं. घंटेमुळे घरातलं अंतर वाढलं, असं माझं स्पष्ट मत आहे. एका छपराखाली राहणारी माणसं एकमेकांना दिसेनाशी झाली.

आणि तार एकाच दिशेनं काम करी. बैठकीतून स्वयंपाकघरात निरोप जाई. स्वयंपाकघरातल्या मुलीला काही सांगायचं असलं, तर तिला जिना चढून, दार वाजवून वर जावं लागे.

तारेची घंटा वाजायची कशी?

वीज नाही, बॅटरी नाही, सगळं काम ओढीवर. फायरप्लेसच्या बाजूला भिंतीत पितळेची किंवा चिनी मातीची मूठ असे, किंवा छतापासून लोंबणारा भरतकाम केलेला पट्टा. मूठ फिरवली किंवा पट्टा ओढला की त्याला जोडलेली तांब्याची तार ताणली जाई. ही तार गिलाव्याखालच्या नळीतून, फरशीच्या फळ्यांखालून, कधी पोटमाळ्यावर चढून पुन्हा खाली उतरत स्वयंपाकघराजवळच्या बोळात येई.

अडचण कोपऱ्यांची होती. तार सरळ रेषेतच ओढता येते. म्हणून प्रत्येक वळणावर काटकोनात वाकलेली, मधोमध खिळ्यावर फिरणारी एक छोटी पट्टी बसवत. एका बाजूची आडवी ओढ ती दुसऱ्या बाजूला उभ्या ओढीत बदलून देई. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकलेल्यांना 'बेल क्रॅंक लिव्हर' आठवत असेल. हे नाव आलं ते या घंटांवरून. वर्कशॉपमध्ये आपण जो शब्द घोकला, त्याचं मूळ एखाद्या मोलकरणीला बोलावण्याच्या सोयीत आहे, हे मला कळलं तेव्हा मी थबकलो होतो.

प्रत्येक वळणाबरोबर घर्षण वाढे, म्हणून वळणं कमीत कमी ठेवणं हे कारागिराचं कसब. घंटा बसवणाऱ्यांचा तो वेगळा धंदाच होता. तार हळूहळू सैल पडे, सांधे गंजत, आणि मग मूठ कितीही फिरवली तरी खाली शांतता. अशा वेळी वरच्या मंडळींचा पारा चढे, आणि बोलणी खायची वेळ येई ती खालच्या मुलीवर.

इतक्या घंटांमधून नेमकी कोणती वाजली, हे कसं कळे?

तीन खुणा होत्या. घंटा लहानमोठ्या असत, त्यामुळे आवाज वेगवेगळा. सरावलेली मुलगी भांडी घासता घासता, पाठमोरी असतानाच ओळखे. घंटेखाली खोलीचं नाव रंगवलेलं असे. आणि घंटा ज्या गुंडाळीदार स्प्रिंगवर टांगलेली असे, ती स्प्रिंग किंवा तिच्याखालचा छोटा लोलक आवाज थांबल्यावरही थोडा वेळ हलत राही. हात पुसून बोळात येईपर्यंत ते हलणं थांबलं, तर अंदाजानं जावं लागे.

विजेच्या घंटा कधी आल्या?

१८७० च्या पुढं हळूहळू. जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्यानं १८६६ च्या सुमारास बनवलेल्या विद्युतघटामुळे हे जमलं. काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी आणि मातीच्या सच्छिद्र भांड्यात कार्बन व मॅंगनीज डायऑक्साइड. नवसागर म्हणजे तोच, जो आपले कल्हईवाले तापल्या भांड्यावर टाकतात आणि ज्याचा पांढरा धूर उठतो. हा घट सतत चालवला की दमतो, पण मधूनमधून थोडा वेळ वापरला की पुन्हा सावरतो. घंटेला एवढंच लागतं. विजेच्या फळ्यावर प्रत्येक खोलीसाठी एक लहानशी खूण हलत राही, म्हणून सगळ्यांना मिळून एकच घंटा पुरे. धर्मगुरूंच्या घरांत मात्र जुन्या तारा फार काळ टिकल्या. घर पदाचं, आणि दुरुस्तीचा खर्च धर्मगुरूच्या खिशातून. नवं काही बसवायला हात आखडता घेतला जाई.

अशा घरात नोकर किती असत?

ते उत्पन्नावर ठरे, आणि धर्मगुरूंच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचं अंतर होतं. श्रीमंत रेक्टरला वर्षाला हजार पौंड मिळत, तर गरीब क्युरेटला, म्हणजे साहाय्यक धर्मगुरूला, शंभराच्या आसपास. घर कसं चालवावं यावर लिहिणाऱ्या इझाबेला बीटन यांनी १८६१ मध्ये मध्यमवर्गीय गृहिणींसाठी एक अंदाज छापला होता. वर्षाला हजार पौंड असतील तर स्वयंपाकीण, वरची-खालची अशा दोन घरकाम करणाऱ्या, मुलं सांभाळणारी दाई आणि एक पुरुष नोकर. पाचशे पौंडांत स्वयंपाकीण, घरकामाची बाई आणि दाई. तीनशेत सगळी कामं करणारी एक आणि दाई. दीडशे-दोनशेत सगळी कामं करणारी एकटीच, फार तर अधूनमधून मदतीला एक पोरगी.

म्हणजे पुष्कळ व्हिकारेजमध्ये दोन-तीन बायका, आणि क्युरेटच्या घरात एकच. पण एकही नोकर नाही असं चालत नसे. तसं झालं तर गावाच्या नजरेत धर्मगुरू 'सभ्य गृहस्थ' राहत नसे. त्यामुळे पोटाला चिमटा घेऊनही एक मुलगी ठेवली जाई.

पुरुष नोकर इतके कमी का?

त्यांचा पगार जास्त असे आणि त्यांच्यावर सरकारी करही होता. १७७७ मध्ये लागू झालेला हा कर १९३७ पर्यंत टिकला. १८६९ नंतर तो माणशी वर्षाला १५ शिलिंगांच्या परवान्याच्या रूपात भरावा लागे, आणि माळी, कोचमनही त्यात धरले जात. व्हिक्टोरिया गादीवर येण्यापूर्वीची एक प्रसिद्ध हकिकत आहे. यॉर्कशायरमधल्या फॉस्टनचे धर्मगुरू सिडनी स्मिथ यांना बटलर परवडत नव्हता. त्यांनी बागेत काम करणाऱ्या एका लहान मुलीच्या हातात रुमाल दिला, तिचं नाव 'बंच' ठेवलं आणि तिलाच बटलरचं काम शिकवलं. स्मिथ ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगत. मला मात्र त्या मुलीचं आधीचं नाव काय होतं, हाच प्रश्न पडतो. मोलकरणीचं नाव बदलणं त्या काळी सर्रास चाले.

एकटीच मुलगी असेल तर तिचा दिवस कसा जाई?

पहाटे सहाच्या आत उठायचं, हिवाळ्यात मिट्ट काळोखात. आधी खिडक्यांची झडपं उघडायची. मग स्वयंपाकघरातल्या लोखंडी चुलीतली कालची राख काढायची, चुलीला काळं पॉलिश चोळून चकाकी आणायची आणि जाळ करून आधण ठेवायचं. नंतर जेवणाच्या खोलीतल्या फायरप्लेसचं तेच सगळं. दारापुढची पायरी गुडघ्यांवर बसून घासायची, पांढऱ्या दगडानं उजळायची. बूट पुसायचे. धातूच्या झारीतून गरम पाणी प्रत्येक झोपायच्या खोलीत नेऊन ठेवायचं, कारण वरच्या मजल्यावर नळ नाही. नाश्ता मांडायचा.

नाश्त्यानंतर बिछाने आवरायचे आणि रात्री लघवी-शौचासाठी खोलीत ठेवलेली भांडी खाली नेऊन रिकामी करायची. या कामाबद्दल जुन्या पुस्तकांत फार थोडे शब्द लिहिलेले असतात. रोजचं असूनही ते कुणाला दिसू न देता करावं लागे, त्यासाठीच मागचा जिना. पुढं दुपारचं जेवण, भांडी, दिव्यांच्या वाती कापणं, काचा पुसणं, चहा, रात्रीचं जेवण, पुन्हा भांडी. मध्ये वेळ मिळाला तर घरातले कपडे शिवायचे. सोमवारी धुणं. प्रत्येक शेगडीसाठी कोळशाची बादली वर, राखेची बादली खाली.

या सगळ्यात घंटा वाजतेच आहे. शेगडीत कोळसा घालायला घंटा, पत्र टपालात टाकायला घंटा. पाहुणे निघायला उठले की मालकीणबाई घंटा वाजवत, म्हणजे मोलकरणीनं येऊन पुढचं दार उघडायचं. दार बैठकीपासून दहा पावलांवर, आणि मोलकरीण तळघरात कणकेनं माखलेल्या हातांनी. शिवाय दुपारनंतर तिनं छापील सुती झगा बदलून काळा पोशाख, पांढरा एप्रन आणि टोपी घातलेली असली पाहिजे, कारण दार उघडणारी मुलगी हीच घराची पत. हे कपडे बहुधा तिनं स्वतःच्या पैशानं शिवून आणायचे.

धर्मगुरूच्या घरात आणखी एक भर असे. पुढच्या दाराची घंटाही त्याच फळ्यावर, आणि ती गावातल्या कुणीही वाजवावी. मरणासन्न माणसाकडे बोलवायला आलेला, लग्नाची नोंद करायला आलेला, भीक मागणारा, सूप न्यायला आलेली म्हातारी, सगळ्यांना दार उघडायचं ते तिनंच.

पगार किती?

बीटन यांच्याच आकड्यांनुसार सगळी कामं करणारीला वर्षाला ९ ते १४ पौंड. चहा, साखर आणि बियर मालकाकडून मिळत असेल तर साडेसात ते ११. राहणं-जेवण वेगळं, पण राहणं म्हणजे बहुधा पोटमाळ्यावरची, शेगडी नसलेली खोली. तुलनेसाठी सांगतो : यॉर्कशायरमधल्या हॉवर्थच्या धर्मगुरूंची मुलगी, लेखिका शार्लट ब्राँटे १८४१ मध्ये गव्हर्नेस म्हणून, म्हणजे मुलांना घरी राहून शिकवणारी बाई म्हणून, एका घरी राहिली तेव्हा तिचा पगार होता २० पौंड, आणि कपडे धुण्याचे ४ पौंड वजा करून हातात १६. धर्मगुरूच्या शिकलेल्या मुलीची ही कमाई. बापाच्या माघारी घरही जायचं, त्यामुळे अशा कित्येक मुली दुसऱ्यांच्या घरात ना धड मालकांत ना धड नोकरांत अशा दिवस काढत. १८३९ मधल्या एका पत्रात शार्लटनं बहिणीला लिहिलं होतं की गव्हर्नेसला जिवंत, विचार करणारा माणूस म्हणून कुणी गणतच नाही.

या मुली यायच्या कुठून?

बहुतेक शेतमजुरांच्या घरांतून, बारा-तेराव्या वर्षी, कधी त्याहूनही लहान. शाळा सक्तीची झाली ती १८८० मध्ये, तीही दहा वर्षांपर्यंतच. गावची शाळा पुष्कळदा चर्चचीच असल्यामुळे कोणती मुलगी चलाख, कोणती कामसू, हे धर्मगुरूच्या बायकोला ठाऊक असे. व्हिकारेजमध्ये दोन वर्षं काढून, शिकून, मुलगी मोठ्या घरी जाई. वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या सरकारी घरात, वाढलेल्या पोरक्या मुलीही अशाच पाठवल्या जात. १८९१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांची संख्या १३ लाखांवर होती. इतक्या बायका दुसऱ्या कुठल्याच धंद्यात नव्हत्या.

धर्मगुरूच्या घरची नोकरी इतर घरांपेक्षा वेगळी होती का?

हो, आणि माझ्या मते ती जास्त अवघड होती. सकाळी घरातल्या सगळ्यांची प्रार्थना. नोकरमंडळी क्रमानं आत येऊन खोलीच्या टोकाला बसत, खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकत, आणि प्रार्थना संपली की आधी उठून कामाला लागत. देवापुढं सगळे सारखे हे शब्द ऐकायचे आणि पाच मिनिटांत घंटेला धावायचं. रविवारी चर्च सक्तीचं, आणि त्याच दिवशी घरी मोठं जेवण.

बाहेरचा मित्र दाराशी येता कामा नये हा नियम सगळीकडेच होता, पण इथं मालकच मुलीचा धर्मोपदेशक. आठवडाभर जो तिच्या कामावर नजर ठेवी, तोच रविवारी तिच्या आत्म्याची काळजी वाही. १८७५ मध्ये मेरी टाउनसेंड यांनी गर्ल्स फ्रेंडली सोसायटी ही अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची, संस्था स्थापन केली. घर सोडून नोकरीला गेलेल्या मुलींना आधार मिळावा हा तिचा हेतू, आणि तिथं खरोखर मैत्रिणी, वाचायला पुस्तकं, आजारपणात मदत मिळे. सभासद व्हायला मात्र चारित्र्य निष्कलंक हवं. जिचं पाऊल घसरलं, तिला त्या आधाराची सगळ्यात जास्त गरज असतानाच दार बंद होई.

नोकरी सोडता येत असे का?

रिवाजाप्रमाणे एक महिन्याची सूचना दिली की येत असे. खरी अडचण पुढच्या नोकरीची. जुन्या मालकानं लिहिलेल्या शिफारशीशिवाय नवं घर मिळत नसे, आणि ती द्यायचं कायदेशीर बंधन मालकावर नव्हतं. खोटी शिफारस बनवणं मात्र १७९२ च्या कायद्यानं गुन्हा होता. गावातला धर्मगुरूच शिफारस द्यायला नकार देत असेल, तर त्या मुलीनं दाद मागायची कुणाकडे?

सगळीच घरं अशी होती का? माया कुठंच नव्हती?

होती, आणि तिचं उत्तम उदाहरण हॉवर्थचंच आहे. यॉर्कशायरच्या माळरानाच्या कडेला असलेल्या या पार्सनेजमध्ये १८२४ च्या सुमारास टॅबिथा एक्रॉइड नावाची पन्नाशी ओलांडलेली बाई स्वयंपाकाला आली. सगळे तिला टॅबी म्हणत. ब्राँटेंची आई नसलेली चार मुलं, शार्लट आणि तिची भावंडं, तिच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळ, तिच्या गोष्टी ऐकत वाढली. १८३६ च्या डिसेंबरात टॅबी बर्फावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. घर चालवणाऱ्या मावशींचं म्हणणं, तिला तिच्या बहिणीकडे पाठवावं. मुली तेव्हा लहान नव्हत्या, शार्लट वीस वर्षांची होती. तिघी बहिणींनी जेवण सोडलं. टॅबी इथंच राहील, तिची सेवा आम्ही करू, हे कबूल होईपर्यंत त्यांनी घास घेतला नाही. टॅबी राहिली.

पुढं ती म्हातारी झाली, ऐकू कमी येऊ लागलं, तेव्हा गावातल्या चर्चच्या सेवकाची मुलगी मार्था ब्राउन अंगमेहनतीची कामं करू लागली आणि शार्लटची बहीण एमिली ब्राँटे स्वतः कणीक मळायची, समोर जर्मन भाषेचं पुस्तक उघडं ठेवून. टॅबी १८५५ च्या फेब्रुवारीत गेली, शार्लटच्या सहा आठवडे आधी. तिची कबर पार्सनेजच्या बागेच्या भिंतीलगत आहे.

पण टॅबीला जे मिळालं ते मुलींच्या हट्टामुळे. हक्क म्हणून म्हाताऱ्या मोलकरणीला काही मिळत नव्हतं, पेन्शन तर नाहीच. तिला वर्कहाउसमध्ये जावं लागणं ही नित्याची गोष्ट होती.

मग ही पद्धत मोडली कशी?

धर्मगुरूंच्या घरांपुरतं उत्तर गव्हाच्या भावात आहे. १८७० च्या अखेरीपासून अमेरिकेचा स्वस्त गहू येऊ लागला आणि इंग्लंडात भाव कोसळले. दशांशाची रक्कम धान्याच्या भावाशी बांधलेली होती, त्यामुळे १८३६ च्या हिशेबातले शंभर पौंड १९०१ पर्यंत ६७ पौंडांच्याही खाली आले. घर मात्र तेवढंच मोठं, शेगड्या तेवढ्याच. दुसरीकडे मुलींना दुकानं, कचेऱ्या, कारखाने खुले होऊ लागले. तिथं पगार फार नसला तरी संध्याकाळ स्वतःची होती.

भारतातल्या इंग्रज पाद्र्यांकडेही अशा घंटा होत्या का?

इथल्या बंगल्यांना तारेच्या घंटांची गरज फारशी पडली नाही. दारं-खिडक्या उघड्या, व्हरांड्यात माणसं बसलेली. साहेब 'कोई है?' म्हणून हाक मारी. या हाकेवरूनच बंगाल इलाख्यातल्या मुरलेल्या इंग्रजांना 'क्वी-हाय' हे टोपणनाव पडलं.

महाराष्ट्राशी एक धागा मात्र जुळतो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन मठात राहिल्या. त्या मठाच्या सिस्टर आधीपासून पुण्यात काम करत होत्या. मठ स्थापन केला होता वाँटेजचे व्हिकर विल्यम जॉन बटलर यांनी १८४८ मध्ये, आणि वाँटेजचं व्हिकारेज वर उल्लेख केलेल्या स्ट्रीट यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक.

आज हे कुठं पाहता येईल?

हॉवर्थचं पार्सनेज १९२८ पासून संग्रहालय आहे. मॅंचेस्टरच्या प्लिमथ ग्रोव्हमध्ये युनिटेरियन या चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथाचे धर्मोपदेशक विल्यम गॅस्केल आणि लेखिका एलिझाबेथ गॅस्केल यांचं घर आहे, तेही पाहता येतं. हे घर ऐसपैस आहे, त्यामुळे हॉवर्थनंतर पाहिलं तर दोन धर्मगुरूंच्या राहणीतलं अंतर चटकन जाणवतं. दोन्हीकडे आधी स्वयंपाकघर पाहा आणि मग बैठकीत जा.

जुन्या रेक्टरीत राहायला मिळालं आणि भिंतीत मूठ दिसली, तर ओढून पाहू का?

घरमालकांना विचारल्याशिवाय नको. दीडशे वर्षांची तार गिलाव्याच्या आत तुटली तर ती पुन्हा ओवायला भिंत फोडावी लागते. आणि घर तुमचंच असेल, तर स्वयंपाकघराबाहेरचा बोळ रंगवताना घंटांखालची अक्षरं झाकून घ्या. 'स्टडी', 'नर्सरी', 'ड्रॉइंग रूम', 'फ्रंट डोअर', एवढंच लिहिलेलं असतं, आणि रंगाचा एक हात बसला की ते परत मिळत नाही.